दोन बोटे माया

मी, चिंधा उखा शिंपी, वय वर्षे सदुसष्ट, मूळ राहणार शिरपूर तालुका, हल्ली मुक्काम लिंबायत, सुरत, धंदा शिवणकाम, आज पर्वत पाटियावरच्या माझ्या दुकानात बसून हे मृत्युपत्र तोंडाने सांगत आहे आणि शेजारचा बटणवाला योगराज ते लिहून घेत आहे. मी शुद्धीवर आहे. कोणी धाक घातलेला नाही. थकलो आहे, पण थकवा म्हणजे वेड नव्हे, हे योगराजने ठळक लिहावे. आवाज मी मुद्दाम मोठा ठेवला आहे. दुकानाच्या मधोमध प्लायची भिंत आहे आणि तिच्यापलीकडे माझा सख्खा धाकटा भाऊ भगवान मशीन चालवतो. आम्ही तेवीस वर्षे एकमेकांशी बोललेलो नाही.

एक. लिंबायतचे घर आणि बँकेत असेल ते सारे पत्नी प्रमिलाबाईचे. तिने जन्मभर माझ्या अंगावरचे दोरे वेचले. मुलगा कुंदन याने तिला घर विकायला लावू नये.

दोन. मोठी कातर मुलगी गायत्री हिला. तिने कागद कापू नये, धार जाते. ही कातर मला शिवण शिकवणाऱ्या नानपुऱ्याच्या रुस्तमजी मास्तरांनी दिली. मास्तरांकडे विलायती कपड्यांच्या चित्रांची जाडजूड पुस्तके होती आणि काज करता करता ते आम्हाला गोऱ्या लोकांची सगळी मिजास सांगत. आधी तेही आपल्यासारखेच बिनशिलाईचे कापड अंगाला गुंडाळत. मग कातर आली आणि चैन पडेना. एके काळी गळ्याभोवती ताटाएवढी चुणीदार कॉलर, मान वळवायची सोय नाही. पुढे पुरुषच उंच टाचा, रेशमी मोजे आणि खोटे केस घालून मिरवू लागले. बायकांच्या कमरा देवमाशाच्या हाडांनी इतक्या आवळल्या की बसल्या जागी घेरी यायची, आणि खालचा घेर असा की दारातून जायला आडवे व्हावे लागे. मग फ्रान्सात रयत उठली, तेव्हा श्रीमंतांना गुडघ्यापर्यंतची रेशमी तुमान घालायची भीती वाटू लागली आणि मजुरांची लांब विजार साहेबांच्या पायात आली. लढाया झाल्या, कापड महागले, झगे आखूड झाले. खाणीतल्या मजुराची विजार म्हणजे आजची जीन्स, जी माझा कुंदन हँगरला टांगून विकू पाहतो. खलाशांची रुंद पायांची विजार म्हणजे बेलबॉटम. त्या बेलबॉटमने माझे घर मोडले, म्हणून पुढचे कलम.

तीन. चौऱ्याहत्तर साली पोरे बेलबॉटम मागू लागली. मी म्हणालो, ही चार दिवसांची थेरे आहेत, माझ्या दुकानात शिवायची नाहीत. भगवान म्हणाला, "भाऊ, चार दिवस तर चार दिवस. गिऱ्हाईक आज उभं शे." मी कापायला नकार दिला, त्याने स्वतः कापली. शब्दाला शब्द वाढला आणि दिवाळीच्या आत ही भिंत उभी राहिली. बेलबॉटम पाच-सात वर्षांत गेली. माझे म्हणणे खरे ठरले, हे मी आजही सांगतो. पण परवा कुंदनने मुंबईहून आणलेल्या नमुन्यात पुन्हा विजारीच्या पायाची तीच रुंद मोहरी पाहिली आणि मला हसूही आले नाही. फॅशन परत येते. माणूसच काय तो येत नाही.

चार. सबंध दुकान कागदोपत्री माझ्या एकट्याच्या नावावर आहे. भगवानजवळ त्याच्या अर्ध्याचा एकही कागद नाही. माझ्यामागे कुंदन त्याला उठवील ही मला धास्ती आहे. कुंदन इथेच उभा आहे आणि मध्येच म्हणतो, "पप्पा, हवे कोण सिवडावे छे? आता कोण शिवून घेतं? रेडीमेडचा जमाना आहे." असेल. तरीही भगवानच्या बाजूचा अर्धा भाग भगवानला द्यावा, कायमचा. उरलेला अर्धा कुंदनचा.

(इथे पलीकडचे मशीन थांबले. योगराज, तेही लिही.)

पाच. माझा काळा कोट. हे दुकान उघडले तेव्हा शिवलेला. कापला मी, शिवला भगवानने. गायत्रीचे लग्न वैशाखात आहे आणि तोवर टिकलो तर तो घालायची इच्छा आहे. पण आजाराने पोटात पाणी झाले, बटण लागत नाही. गेल्या आठवड्यात कुठे जागा सापडते का म्हणून अस्तर उसवून पाहिले. मी दुकानात नियम घातला होता, शिलाईच्या आत एकच बोट माया, म्हणजे वाढीव कापड, सोडायची, जास्त म्हणजे कापडाची नासाडी. भगवानने दोन्ही बगलांना, काखेपासून खालपर्यंत, दोन-दोन बोटे सोडली होती. मला न सांगता, आत दुमडून, इस्त्री करून. पंचवीस वर्षे ती माझ्या अंगावर होती आणि मला पत्ता नव्हता. रेडीमेडमध्ये माया नसते, एवढे कुंदनने ध्यानात ठेवावे. मला आता ती शिलाई उलगडता येत नाही, आणि दुसऱ्या कोणाला मी तिला हात लावू देणार नाही.

सहा. मला शेवटी कोरे, बिनशिलाईचे कापड घालावे. कोट माझ्याबरोबर जाळू नये.

सात. मधली भिंत काढावी. मी असताना निघाली तर बरे. आता मला दम लागतो, इथे थांबतो.

पुढचे योगराजच्या हाताने, घडले तसे:

दुसरे साक्षीदार बन्सीलाल यांची वाट पाहत असताना भगवानकाका दारातून आत आले. गळ्यात टेप होती. कोणाकडे न पाहता त्यांनी खुंटीवरचा कोट घेतला, बगल उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "दुसरी सही मी करस."

मी म्हणालो, "काका, वकिलांनी बजावलंय, ज्याला मिळतं त्याने साक्ष करू नये. उद्या कोणी भांडलं तर तुमचा अर्धा भाग जाईल. बन्सीलाल येतीलच."

"मंग माले नको. खोड ते."

"काका, कागद नसला तर उद्या तुम्ही बसणार कुठे?"

"खोड, मी म्हनस ना. भाऊनी साक्ष परका कसाले करी?"

चिंधाभाऊंनी काकांच्या हातातला कोट स्वतःकडे ओढला. मग भगवानकाकांना म्हणाले, "दोन बोटं सोडी व्हती, सांगं का नही?"

"तू वरडता."

यावर दोघेही हसले, आणि चिंधाभाऊंचे डोळे पुसायला मला माझा रुमाल द्यावा लागला. त्यांच्या संमतीने कलम चार खोडले. सबंध दुकान कुंदनच्या नावे केले. कुंदन हे ऐकून बाहेर गेला. आम्हाला वाटले रागावला. तो माझ्याच दुकानातून पेचकस घेऊन आला आणि भिंतीचा पहिला स्क्रू काढू लागला. म्हणाला, "काकांचं मशीन उजेडाकडे घेऊ."

वाचून दाखवले, बरोबर आहे.

चिंधा उखा शिंपी (सही)

साक्षीदार:
१. योगराज, बटणवाला, शेजारी (सही)
२. भगवान उखा शिंपी, सख्खा भाऊ, राहणार भिंतीपलीकडे (सही)
('भिंतीपलीकडे' हा शब्द साक्षीदाराने स्वतः खोडला.)

पर्वत पाटिया, सुरत. ९ फेब्रुवारी १९९७.