बोजा नसलेली बाई

८ एप्रिल १९३५, सोमवार

एका शब्दापायी आज अर्धी सकाळ गेली — पण मजा आली!

मिशनच्या मुलींच्या शाळेचा शिपाई फादरचा कागद घेऊन कचेरीसमोर आला. कागद इंग्रजी. त्याची मराठी करायची, चार प्रती काढायच्या आणि बाजारात चिकटवायच्या. बोर्डिंगातल्या मुलींची देखभाल करायला बाई पाहिजे. इज्जतदार विधवा असावी. महिना नऊ रुपये, दोन वेळचं जेवण, राहायला खोली. इथवर सगळं सरळ. पुढं — विधवा कशी? 'विदाउट एन्कम्ब्रन्स.'

वामनराव असते तर इथंच अडकले असते. माझ्या शेजारच्याच लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितात, उर्दू झकास, पण इंग्रजी म्हटलं की त्यांची दाढ दुखायला लागते. मी मात्र हा शब्द ओळखतो. रेल्वेनं जमिनी घेतल्या तेव्हा मी स्टेशनात बाबू लोकांना पाणी पाजत होतो. शाळा तीच, मास्तर तेच. जमिनीच्या हर कागदात हा शब्द असायचा. एन्कम्ब्रन्स म्हणजे बोजा. गहाण, कर्ज, दुसऱ्या कुणाचा हक्क — तो नको.

पण पाद्र्यांना बाईच्या जमिनीशी काय करायचंय? बराच वेळ टाक हातात धरून बसलो. मग उजेड पडला. सावकार वसुलीला शाळेच्या दारात येऊन बसला तर? हुशार माणसं! लिहिलं: 'बोजा नसलेली इज्जतदार विधवा पाहिजे. पटवाऱ्याचा दाखला सोबत आणावा.' दाखल्याचं माझ्या पदरचं. त्यानं कागद पक्का दिसतो.

९ एप्रिल

चारी कागद लागले. वामनरावांनी चौकातला मोठ्यानं वाचला. 'का हो कडूबा, पाद्री बाई शोधून राह्यले का वावर?' लोक हसले. हसू देत. वाचला तर खरा!

११ एप्रिल, गुरुवार

टेंभुर्णीहून एक बाई आली. साळूबाई. पंचवीस-सव्वीसची असेल. बोटाला आठ वर्षांची पोर, ठकू. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

'मुन्शीजी, चौकातला कागद तुम्ही लिव्हला म्हणं?'

मी लिहिला म्हटल्यावर खालीच बसली. नवरा दोन वर्षांपूर्वी पटकीनं गेला. चार एकर वावर हिच्या नावावर, त्यावर नवऱ्याचं कर्ज. घरात दीर पुंजाराम. त्यानं ठकूचं लग्न आष्टीला ठरवलंय. नवरदेव तीस वर्षांचा, पहिली बायको गेलेली. अक्षय्यतृतीयेला बार उडवायचा.

'बोर्डिंगात जागा भेटली तर पोरगी घिऊन जाते. मिशनच्या भिंतीआड पुंजाराम येत न्हाई.'

'लोक म्हणतात, तिथं बाटवतात.'

'आठ वर्साची पोर तीस वर्साच्या बाप्याला देतेत, त्येला काय म्हणतेत लोक?'

मी कोरा कागद पुढं ओढला.

बोजा काढायचा एकच रस्ता. वावराचा राजीनामा. म्हणजे हक्क सोडायचा, पुंजारामनं कर्जासकट वावर घ्यायचं. मी तिला नीट समजावलं.

'मंग माझ्यावर बोजा न्हाई?'

'बिलकुल नाही. पण जागा मिळाली नाही तर वावरही गेलं, साळूबाई. दोन दिवस विचार करा.'

'इचार करायला पुंजारामनं काय शिल्लक ठिवलंय?' मग कागदाकडं बोट करून म्हणाली, 'त्यात एक ओळ अजून लिव्हा. ठकूच्या लग्नात त्येचा शब्द चालणार न्हाई.'

वीस वर्षं कागद लिहितोय. वावराच्या कागदात अशी ओळ कुणी घालायला लावली नव्हती. लिहिली.

१३ एप्रिल, शनिवार

पुंजारामला कागद वाचून दाखवला. वावराच्या ओळीपर्यंत मान डोलावत होता. पुढच्या ओळीला थांबला.

'वावराच्या कागदात पोरगी कशाला, मुन्शी?'

'बोजामुक्त म्हणजे चारी बाजूंनी. एक बाजू उघडी राहिली की भांडण तिथूनच आत येतं.' या बोलण्याला काही अर्थ नव्हता. पण आवाज बराबर लावला होता.

'आन् आष्टीवाल्याला काय सांगू?'

'सांग, वावर भेटलं.'

हसला आणि अंगठा उठवला. साळूबाईनंही उठवला. शाई पुसायला मी चिंधी दिली, तर तिनं ती ठकूला दिली. ठकूनं आईचा अंगठा पुसला, एकदम मन लावून.

आज स्वतःवर खूश आहे मी. लिहून ठेवतो.

१७ एप्रिल, बुधवार

हात लिहायला तयार नाही. तरी लिहितो.

पटवाऱ्याचा दाखला घेऊन साळूबाई सकाळीच आली. तिला आणि ठकूला घेऊन मीच मिशनमध्ये गेलो. म्हटलं, आपलंच काम आहे, शेवटपर्यंत बघू. फादर बाहेरगावी, ईस्टरनंतर येणार. सिस्टर फिलोमिना भेटल्या. वसईकडच्या. महिनाभर औरंगाबादला होत्या, परवाच परत आल्यात. मराठी माझ्याहून शुद्ध.

टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. त्यावर हात ठेवून म्हणाल्या, 'मुन्शीजी, एक विचारू? पाच विधवा येऊन गेल्या. पाचही जणींच्या हातात जमिनीचे दाखले! आम्ही तर जमीन मागितली नाही. ही इकडची रीत आहे का?'

'तुमच्याच कागदात आहे, सिस्टर. विदाउट एन्कम्ब्रन्स.' मी जरा ऐटीतच म्हणालो.

तेवढ्यात ठकू आईच्या मागून पुढं आली. टेबलावरची घंटा बघायची होती तिला. सिस्टरनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि अगदी हळू म्हणाल्या —

'एन्कम्ब्रन्स ही आहे.'

माझे कान तिखट. कचेरीत भिंतीपलीकडचं बोलणं ऐकून मी इथवर आलो. आज पहिल्यांदा वाटलं, ऐकू आलं नसतं तर बरं.

नोकरीच्या कागदात त्या शब्दाचा अर्थ मूलबाळ — बाई हवी ती मूलबाळ नसलेली. साहेब लोकांत तसंच लिहितात म्हणे. 'शब्द मी घातलेला नाही,' सिस्टर म्हणाल्या. त्यांनाही तो आवडला नसावा.

'काय म्हणल्या?' साळूबाईनं मला विचारलं. मी म्हणालो, फादर आल्यावर कळवतील. खोटं! अर्ध्या रस्त्यात आल्यावर मात्र राहवेना. थांबलो आणि सगळं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं.

'मंग वावर?'

'गेलं.'

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. तिनं ठकूला उचलून कडेवर घेतलं. आठ वर्षांची पोर, पाय गुडघ्यापर्यंत लोंबत होते. 'तुमचा कागद वाचून घेऊन आल्ते मी,' एवढंच म्हणाली.

दोघींना घरी आणलं. दुसरीकडं कुठं पाठवणार?

१८ एप्रिल

घरी सगळं सांगितलं. बायको आधी हसली. 'मंग तुमच्यावर पाच पोरांचे पाच बोजे हायेत म्हणा की! लावा पटवाऱ्याकडं.' मग साळूबाई परसात दिसली आणि हसू गेलं तिचं. 'काय तर करा. तुमच्या अकलेचा खर्चा तिनं का भरावा?'

दिवसभर तोच शब्द डोक्यात. जमिनीवरचं कर्ज आणि बाईच्या कडेवरचं लेकरू, दोन्ही एकाच शब्दात घालणारा कुणी तरी माझ्यासारखाच मुन्शी असेल. घाईत असेल. पण एक सांगतो — बोजा म्हटलं की तो उतरवायचा, एवढंच आपल्याला सुचतं. मी तिचं वावर उतरवलं. पोरगी उतरवायची कुणाची छाती नव्हती, म्हणून ती राहिली. आणि तिच्यासाठीच तर सगळं चाललंय.

वामनरावांना अजून कळलेलं नाही. कळेल.

१९ एप्रिल

कळलं.

२२ एप्रिल, सोमवार

काल त्यांचा ईस्टर झाला. आज एकटाच गेलो. फादर सिस्टरच्या शेजारीच बसले होते. त्यांना मराठी थोडी कळते, बोलणं सगळं सिस्टरांशीच.

मी कायद्यानं सुरुवात केली. 'बाजारात लागला तो कागद तुमच्या नावानं लागला. त्यात जे मागितलं ते बाईनं आणलं. वावर सोडून आणलं.'

'चूक तुमची, आणि न्याय आमच्याकडे मागता?'

'हो.'

फादर हसले. सिस्टर नाही हसल्या. म्हणाल्या, 'ऐका. नियम दुष्टपणानं केलेला नाही. इथे चाळीस मुली आहेत. अर्ध्या जणींना आई नाही. देखभाल करणाऱ्या बाईची स्वतःची मुलगी समोर असली, की भाकरीचा मोठा तुकडा कुणाच्या ताटात पडतो, हे त्या बघत बसतात. मागच्या बाईच्या वेळी हेच झालं.'

बात खरी होती. खऱ्या बातीपुढं वकिली चालत नाही, सौदा चालतो. मी म्हणालो, 'ठकूला बाईची मुलगी म्हणून घेऊ नका. बोर्डिंगात एकेचाळिसावी म्हणून घ्या. तीच पंगत, तेच अंथरूण, तीच शिक्षा.'

फादरनी काहीतरी विचारलं. सिस्टर अजून अडल्या होत्या. 'मुली विसरत नाहीत, मुन्शीजी. दिवसातून वीस वेळा आई, आई ऐकलं की —'

सौदा तुटायला आला की मी वर काहीतरी घालतो. बाजारातली सवय. तोंडातून निघून गेलं, 'आई म्हणणार नाही ती. सगळ्या बाई म्हणतात, तीही बाईच म्हणेल. मी जबाबदार.'

सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या. 'हे तिच्या आईला विचारलंत?'

'ती तयार होईल.'

२४ एप्रिल, बुधवार

जागा मिळाली!! फादरची चिठ्ठी आली. एक जूनपासून कामावर, पोरगी शाळेत, फी माफ.

साळूबाईला अट सांगितली. भाकरी थापत होती. हात थांबला, पुन्हा चालू झाला. 'समजावीन तिला. हुशार हाय माझी ठकू. एकदा सांगितलं की धरून ठिवती.' मग थोड्या वेळानं, भाकरी उलटून — 'लगीन टळलं. त्ये मोठं.'

संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी ठकूची उजळणीच घेतली. माझी पोरं तिच्याभोवती गोळा झाली. मी साळूबाईकडं बोट दाखवून विचारायचो, ही कोण? 'आई' म्हणाली की पोरं ओरडायची, 'चुकली!' चौथ्यांदा 'बाई' म्हणाली आणि टाळ्या पडल्या. पोरगी लाजून हसली. साळूबाईही हसली. बायको तेवढी आत निघून गेली. तिला थट्टेतलं काही कळत नाही.

१० जून, सोमवार

मिशनची शाळा उघडली. वामनरावांनी माझं नाव 'बोजा मुन्शी' पाडलंय. कचेरीत शिपाईसुद्धा तेच म्हणतात. गिऱ्हाईक काही कमी झालं नाही. उलट त्या पाचांतल्या दोघी आपले दाखले घेऊन आल्या, दुसऱ्या एका कामी लावून दिले. वाया काही गेलं नाही!

१७ जुलै

पुंजाराम अर्ज लिहून घ्यायला आल्ता. आष्टीवाल्यानं दुसरीकडं केलं लग्न. पोर नऊ वर्षांची. त्याच्या अर्जात दोन चुका मुद्दाम राहू दिल्या.

२१ ऑगस्ट, बुधवार

सिस्टर फिलोमिनांनी नवीन जाहिरात पाठवली. शिवण शिकवायला बाई पाहिजे. वर मराठीत चिठ्ठी: 'यात बोजा नाही, मुन्शीजी. तरी विचारून लिहावे.' पोट धरून हसलो. उत्तर न्यायच्या निमित्तानं जाऊन आलो. साळूबाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, मागं मुलींची रांग. अंगानं भरली आहे. रांगेत ठकू कुठं, ते मला लवकर सापडेना. सगळ्यांच्या वेण्या सारख्याच घातलेल्या. सिस्टर म्हणाल्या, एकदाही चुकली नाही ती. तुमचा शब्द पाळलात.

मान वर करून बाहेर आलो.

३० ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीची सुट्टी. घर असलेल्या मुली घरी गेल्या, बाकीच्यांना सिस्टर औरंगाबादला घेऊन गेल्या. बोर्डिंगात राहिल्या फक्त साळूबाई आणि ठकू. बायकोनं दिलेला फराळ घेऊन गेलो. पायरीवर तिघं बसलो. चकली मोडून साळूबाईनं मोठा तुकडा ठकूला दिला, तर ती आधी दोन्ही तुकडे शेजारी धरून बघू लागली.

साळूबाई तिला जवळ ओढून म्हणाली, 'आता कुणी न्हाई गं इथं. मुन्शीकाका आपलेच हायेत. म्हण.'

पोरीनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग खरंच न कळून विचारलं —

'काय म्हणू, बाई?'