न विचारलेला दर

अप्पा, आज बँकेचा माणूस दुकानात येऊन कार्डाचं नवं मशीन बसवून गेला. सही करायच्या आधी मी त्याला पाऊण तास खुर्चीवरून हलू दिलं नाही. डेबिट कार्डावरच्या दर विक्रीमागं बँक किती कापणार, क्रेडिटला किती, मशीनचं भाडं किती, महिन्यात व्यवहार कमी झाले तर दंड आहे का, सगळं कागदावर लिहून घेतलं. मग दुसऱ्या बँकेनं दिलेला दर त्याच्यापुढं ठेवला, तेव्हा तो आणखी खाली उतरला. जाताना म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखं गिऱ्हाईक न्हाई बघितलं." मला बरं वाटलं, आणि लगेच तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो शिळा होत नाही.

आपलं पहिलं मशीन तुमच्या दोस्तानं, औशाच्या काकांनी आणलं होतं. भूकंपात आजी ढिगाऱ्यातून निघाली तेव्हा याच काकांनी तिला जीपमध्ये घालून लातूरला पोचवलं, म्हणून ती पुढं बारा वर्षं जगली. मी तेव्हा दोन वर्षांची, मला यातलं काही आठवत नाही, पण तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की जीपची धूळसुद्धा डोळ्यांपुढं येते. गाव सोडून तुम्ही लातुरात क्लासेसच्या गल्लीत पुस्तकांचं दुकान टाकलंत, आणि पुढं काकांनी मशीनची एजन्सी घेतली. त्यांनी कागद पुढं केला आणि तुम्ही चष्मासुद्धा न लावता सही केलीत. सगळ्या कार्डांना एकच चढा दर, वर दोन मशीनचं भाडं, त्यातलं एक कायम कपाटात. पुस्तकांत सुटतं किती, त्यात पोरांना सूट द्यायची, आणि जे उरतं ते मशीन खाणार. शेजारचे दुकानदार कार्डवाल्याकडून वरचे पैसे घेत. तुम्हाला तेही चालायचं नाही. गिऱ्हाइकाला दोन भाव सांगायचे नाहीत, हा तुमचा बाणा. बाणा तुमचा होता अप्पा, भरत आम्ही होतो.

मी बारावी झाले त्या जूनमध्ये माझा निकाल लागला होता. मेडिकल थोडक्यात हुकलं. गल्लीतली निम्मी पोरं रिपीट करत होती आणि मलाही एक वर्ष हवं होतं, दुसरं काहीच नको होतं. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी काउंटरवर कंधारचे एक गुरुजी उभे आहेत, सोबत माझ्याच वयाची मुलगी. ते सगळ्यांदेखत तिला विचारतात, "अजून एक वर्ष करतीस का, बग. मी हाय." ती मान हलवते. ते कार्ड देतात, मी मशीनमधून ओढते, तिच्या पुस्तकांचा गठ्ठा सुतळीनं बांधते, आणि माझ्या तोंडून निघून जातं, "अप्पा, काकांना दर कमी करायला सांगा की. निदान डेबिटचा तरी. नुसतं इचारून तर बगा." तुम्ही हातातलं पुस्तक काउंटरवर आपटलंत. "ज्यानं माझ्या आईला जित्तं आणलं, त्याला दर इचारू व्हय गं? लाज न्हाई वाटत?" गुरुजी खाली बघायला लागले. त्या मुलीनं गठ्ठा उचलला आणि ती माझ्याकडं न बघता पायऱ्या उतरली. ती आता कुठं तरी डॉक्टर असेल. मी अजून याच काउंटरवर आहे.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या महिन्यात काका भेटायला आले. चहा पिऊन झाल्यावर मी मशीनचा कागद त्यांच्यापुढं सरकवला. भांडायचं ठरवूनच ठेवलं होतं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि चेहराच उतरला त्यांचा. "ह्यो दर अजून हायच का? पोरी, मी तर समद्यांचा कमी करून दिलो मागंच. जे जे बोलले त्यांचा त्याच दिवशी केलो. अप्पा कदी बोललेच न्हाईत." कपाटातलं मशीन त्यांनी स्वतः काढून पिशवीत घातलं. इतकंच होतं ते, अप्पा. एका वाक्याचं काम. ते तुमच्या तोंडून निघालं नाही, आणि मी ज्याच्याशी भांडायला बसले होते तो बिचारा माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणून एक लिहून टाकते. तुम्ही मला ते वर्ष दिलं नाहीत, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. नवऱ्याला सांगितलं, पोरीलाही सांगितलं. ते खोटं आहे. निकालाच्या चौथ्या दिवशी जेवताना तुम्ही विचारलं होतंत, "पुडं काय करावं म्हणतीस?" तुम्हाला त्या वर्षाचा खर्च झेपणार नाही हे मी माझ्याच मनाशी ठरवून बसले होते. भाकरी मोडत, तुमच्याकडं न बघता, दुकानात बसते असं मीच म्हणाले.