दोरीवरचं चित्र

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावणारेही आता उरले नाहीत. मी उरले आहे, म्हणून लिहिते.

जुन्नरबाहेरच्या आपल्या शाळेत मुलंमुली एकत्र राहायची, एकत्र शिकायची, आणि भाकरी थापायची पाळी मुलांवरही यायची. कडा फाटलेल्या, मध्ये कच्च्या त्या भाकऱ्या तुम्ही मुकाट्याने खायचात. आबांनी पिंपळवंडीहून मला आणून सोडलं तेच अट घालून: लिहिणं-वाचणं आणि शिवण, बस्स. हाती कुंचला दिसला तर त्याच दिवशी घरी. तुम्ही नुसते हसलात, आणि मी पहिल्याच आठवड्यात कुंचला धरला.

बाजाराच्या दिवशी आमची चित्रं तुम्ही ओसरीत दोरीवर लावायचात, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावीत म्हणून. खाली नाव घालायचं नाही हा तुमचा नियम. लोकांनी आधी चित्र बघावं, मग काढणाऱ्याची जात विचारावी, असं तुमचं म्हणणं.

त्या दिवशी आबा न कळवता येतात. दोरीवरच्या जुन्नरी कागदावर माझी मैत्रीण न्हाऊन केस वाळवत बसली आहे, आणि ती स्वतः शेजारीच उभी. ओळखायला वेळ लागत नाही.

"ह्ये कुनी काढलं?"

"गुरुजींनी," मी बोलून गेले.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग आबांना म्हणालात, "हो, मीच काढलं." मला वाटलं, सुटले.

"मोकळ्या केसांच्या पोरी चितारता व्हय? लई चांगलं शिकिवता, गुरुजी! चल गं, बांध गठुडं."

पुढच्या बाजारापर्यंत एकेक बाप येऊन बाकीच्या मुलींनाही घेऊन गेला. शाळा मुलांचीच उरली. तुमच्याबद्दल लोक काय काय बोलले ते माझ्याही कानावर आलं, आणि तुम्ही अखेरपर्यंत माझं नाव घेतलं नाहीत. आबा होते तोवर मीही तोंड उघडलं नाही. ते गेल्यावर उघडणार होते, पण तुम्ही त्यांच्याआधीच गेला होतात. मला स्वतःची चीड येते, गुरुजी, अजूनही येते.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, म्हणूनच एवढं लिहवलं. भीतीने खोटं बोलले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले, आणि ते खरंच आहे. पण माझं चित्र तुमचं म्हणून आबांना पटलं, तेव्हा क्षणभर मला आनंद झाला होता.