नववे प्रकरण आणि चंद्रव्वाचे सहा लाख

मी, सिद्धेश्वरी मल्लिनाथ कलशेट्टी, वय सदुसष्ट, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार जुळे सोलापूर, हे माझे अखेरचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे हृदय थकले आहे, पण बुद्धी जागेवर आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणले असते तर बरे, दोष वाटून घेता आला असता.

१. माझा राहता फ्लॅट माझ्या भविष्य निर्वाह निधीतून घेतलेला असून त्यावर कोणाचा बोजा नाही. तो मी माझी नणंद चंद्रव्वा हिला देते. चिरंजीव राजशेखर, तुला पुण्यात घर आहे. तिला काय आहे, ते पुढे वाच.

२. शिवणयंत्र नात काव्या हिला. त्याचा पट्टा सैल झाला आहे. बँकेतील ठेवीतून माझा अंत्यविधी व्हावा, उरेल ते राजशेखरचे. सोन्याच्या पाटल्या शोधू नयेत. त्या मी विकल्या.

३. कपाटात निळ्या कव्हरचे पुस्तक आहे, कंपन्यांचे हिशेब वाचायला शिकवणारे. माझे यजमान गेल्यानंतर ते मी नवी पेठेत घेतले. राजशेखर फोनवर हसला होता, "आई, आता या वयात कंपन्या तपासणार?" मला मात्र पुन्हा बाकावर बसल्यासारखे वाटले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना धडा पाठ झाल्याशिवाय पुढचे पान उलटू देत नसत. कोणी डोकावले तर बोटांवर पट्टी. मी तसेच वाचले. महिन्याला एक प्रकरण, समासात पेन्सिलीने टिपणे. पुढे डोकावले नाही.

सहावे प्रकरण नफ्याचे होते. ते संपताच टॉवेल विणणाऱ्या एका कंपनीचा वार्षिक अहवाल मी मागवला. तीन वर्षे नफा चढता. मला इतका आनंद झाला की चंद्रव्वाला बोलावून आकडे दाखवले. तिने तीस वर्षे कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकून सहा लाख साठवले होते. भाड्याच्या खोलीतून निघून स्वतःची एक खोली घ्यायची होती.

"वैनी, मला काय कळतंय ह्यातलं? तुमी शिकलेल्या की. तुमी म्हनाल तितं आंगठा."

मी म्हणाले. तिने उठवला. सहाच्या सहा लाखांचे शेअर घेतले.

नववे प्रकरण मी तीन महिन्यांनी उघडले. नफा कागदावर असतो, रोकड हातात यावी लागते, हे त्यात सोप्या शब्दांत लिहिले आहे. तोच अहवाल पुन्हा काढला. माल विकल्याची नोंद होती, त्याचे पैसे तीन वर्षे आलेच नव्हते. सगळे आधीपासून छापलेले होते. तोवर शेअरला गिऱ्हाईक उरले नव्हते, पुढे कंपनी बुडाली. अहवालातल्या फोटोत हसणाऱ्या कंपनीच्या अध्यक्षांना मी क्षमा केलेली नाही, याची नोंद असावी.

पुस्तक रद्दीत घालू नये. बाइंडरकडून नववे प्रकरण सहाव्याच्या आधी शिवून घ्यावे आणि मग कोणाला द्यावे.

४. चंद्रव्वाला हे ठाऊक नाही. दर दिवाळीला आणि गड्ड्याच्या जत्रेला मी तिच्या हातावर बारा हजार ठेवते आणि कंपनीने पाठवले म्हणते. पाटल्या त्यात गेल्या. मुद्दल मागते तेव्हा सांगते, अजून थोडं थांब. माझ्याकडे राहायला ये म्हटले तर हसते. "तुमच्या दारात उपरी व्हू का? माज्या कुलपाची खोली पायजे." तिचा उजवा खांदा आता वर जात नाही, तरी पहाटे परातीपुढे बसते.

राजशेखर, कलम तीन आणि चार तू तिला वाचून दाखव. काही गाळू नकोस, माझी बाजू घेऊ नकोस. रडू आले की ती कानडीत बोलते, तेव्हा तूही कानडीत बोल. हे मी जिवंतपणी करायला हवे होते. चार वेळा तिच्या दारापर्यंत गेले आणि भाकऱ्या विकत घेऊन परत आले.

५. ती माझ्याआधी गेल्यास फ्लॅटचे काय करावे, हे मला लिहिता येत नाही. तसे झाले तर या कागदाला अर्थ उरत नाही.

आज हे लिहीत असताना ती आली. टेबलाजवळ उभी राहून म्हणाली, "कंपनीचं लिवताय व्हय?"

मी हो म्हणाले.

"मग लिवा की. मी चा ठेवते. तुमचं तोंड लई उतरलंय."

तिने केलेला चहा मी प्यायले. ती गेल्यावर हे कलम पुरे केले.

दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आहे. मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही, कारण चैताली चंद्रव्वाच्याच गल्लीत राहते आणि आजच्या आज तिला कळेल. मला अजून ते सोसणार नाही.

सही: सिद्धेश्वरी मल्लिनाथ कलशेट्टी

साक्षीदार:
१. शिवपुत्र बसप्पा हत्तुरे, शेजारी
२. चैताली सतीश गायकवाड, माजी विद्यार्थिनी

सोलापूर, १८ फेब्रुवारी २०२५