लाल दाण्यांची चौथी बाटली

वाडी, नागपूर
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय नूपुर,

इकडे सगळं ठीक. रविवारी तुझ्या आईकडे जाऊन आले. त्यांचा गुडघा बराय. सांबारवडी जबरदस्तीनं वाढली आणि पेपरात आलेला तुझा फोटो तिसऱ्यांदा दाखवला. "आमच्या नूपुरनं नुसता रंग पाहून दगडाच्या आतलं सांगितलं म्हणे!" मी "हो ना" म्हटलं आणि दुसरी वडी मागून घेतली.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर मी तुझं अभिनंदन करते. आजवर चारदा केलं, एकदाही मनापासून नाही.

मला तुझा हेवा वाटतो, नूपुर. माझा नुसता जळफळाट होतो. आपल्या स्फॅलराइटचे, त्या जस्ताच्या खनिजाचे, चार हजार दाणे मी सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं निवडले. काळे वेगळे, मधाच्या रंगाचे वेगळे, लालसर वेगळे. मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढला. तू जर्मनीत त्यांच्यावर लेझर मारलास, लाल दाण्यांत जर्मेनियमसारखं मोलाचं मूलद्रव्य निघालं, आणि 'लाल रंग म्हणजे जर्मेनियम' हा शोध तुझ्या एकटीच्या नावावर लागला. मी कुठे? शेवटी आभारात, जीपच्या ड्रायव्हरच्या खाली.

आता जे टाळतेय ते लिहिते. मी तुला तीन बाटल्या पाठवल्या, पण होत्या चार. चौथीतले लाल दाणे पलीकडच्या टेकडीवरच्या बोअरचे. पार्सल गेल्यावर ती सापडली, तोवर माझी चूक एवढीच होती. तुझा शोधनिबंध आल्यावर मात्र मी ते दाणे हैदराबादहून तपासून आणले. रंग अगदी तोच, जर्मेनियम नावालाही नाही. म्हणजे नुसत्या रंगावरून पारख होत नाही.

रिपोर्ट नोव्हेंबरात आला. मी तो बाटलीसकट ड्रॉवरमध्ये टाकला. या महिन्याच्या वीस तारखेला परिषदेत तू हेच ठासून सांगशील, कुणीतरी तुला उघडं पाडेल, याची मी वाट पाहत होते. तुझा पडलेला चेहरासुद्धा मनात पाहून झाला होता.

काल आमच्या लॅबमधले शालिकराम ड्रॉवर आवरत होते. म्हणाले, "मॅडम, याच्यावर तं नूपुर मॅडमचं नाव हाये. काहून ठेवून राहिल्या? पाठवा ना त्याईले." मी त्यांच्यावर उगाच खेकसले. त्यांनी बाटली पुसून माझ्यासमोर ठेवली.

बाटली आणि रिपोर्ट सोबत पाठवतेय. क्षमा कर असं लिहिणार होते, पण अर्धं मन म्हणतंय, पार्सल हरवलं तर बरं. म्हणून रिपोर्ट आत्ताच तुला ईमेलही केला. आता मला माघार घेता येणार नाही.

तू काय करशील तेही ठाऊक आहे. सगळ्यांसमोर उभी राहून आपली चूक आपणच सांगशील, आणि लोक त्यालाही टाळ्या वाजवतील. त्या टाळ्यांचासुद्धा मला आत्तापासून हेवा वाटतोय.

तीन महिने उशिरानं, पण तुझीच,
अस्मिता