दवाखान्यातल्या एकतीस माशांबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शोभेच्या माशांची विक्री व त्यांचे औषधपाणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. मसुदा वकीलबाईंनी करून दिला; मधला मजकूर माझा. त्यांना तो लांबलचक वाटतो.

१. राहते घर व ठेवी पत्नीस, तिच्या पश्चात मुलास. मुलाने मात्र घरात मासे पाळू नयेत. ज्याला कुंडीतले झाड जगवता येत नाही, त्याने मुक्या जिवाच्या वाटेला जाऊ नये.

२. पाणी तपासण्याच्या बाटल्यांचा संच समोरच्या दुकानदारास. वीस वर्षे तो काचेच्या वाटीत मासा घालून विकतो आणि मेला की गिऱ्हाइकाला "नशीब" म्हणतो. आधी पाणी तपासावे, मग मासा, हे माझे बोलणे त्याने कधी मनावर घेतले नाही. आता तरी घ्यावे.

३. दुकान, टाक्या, सूक्ष्मदर्शक हे सर्व धाकट्या बहिणीस. मुलगा म्हणेल, आत्याने सव्वीस वर्षांत दुकानाची पायरी चढलेली नाही, तिला कशाला? म्हणून कारण लिहितो.

दुकान आम्ही दोघांनी काढले. लोक 'मासेडॉक्टर' मला म्हणत, पण नजर तिची. मासा दगडाला अंग घासतो आहे, पंख मिटून कोपऱ्यात बसला आहे, कल्ले भराभर हलवतो आहे. मला पुस्तक उघडावे लागे, ती दारातूनच रोग सांगे.

एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात भिंतभर टाकी होती. तिथल्या माशांच्या अंगावर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके उठले. सकाळी बहिणीने थोडे पाणी बदलले, औषध मोजून घातले आणि काचेवर चिठ्ठी लावली: "डोस दिला. उद्यापर्यंत नको." दुपारी मी गेलो. चिठ्ठी दिसली, वाचली नाही. डॉक्टर मी, तिचे काय वाचायचे! पुन्हा पुरता डोस ओतला. संध्याकाळी मासे वर येऊन तोंड उघडून हवा गिळू लागले, मग एकेक उलटा झाला. एकतीसच्या एकतीस.

दंतवैद्यांनी विचारले, "असं कसं झालं?"

बहीण शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "हिने सकाळी पाणी बदललं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं राहिलं असणार." चिठ्ठी तोवर मी वाचून खिशात घातली होती.

परतताना तिने विचारले, "दादा, मी क्लोरीन मारायचे थेंब घातले होते ना रे?"

"आठव नीट," मी म्हणालो.

तिने आठवून आठवून पाहिले आणि तिची खात्रीच पटली की आपण विसरलो. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. पुढे छापखान्यात मुद्रिते तपासायची नोकरी धरली. गॅस बंद केला का, हे पाहायला ती अर्ध्या वाटेतून परत फिरे. घरचे तिला 'विसरभोळी' म्हणून चिडवत. त्यात मीही हसलो आहे.

४. वरील कलम माझ्या पश्चात सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, असे मी आधी लिहिले होते. वकीलबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही सुटाल. तुमच्या बहिणीचं काय?" म्हणून काल बहिणीकडे गेलो आणि सारे सांगितले. ती भाजी निवडत होती. तिने भाजीचे ताट बाजूला सारले.

"मेल्यावर कळवणार होतास?" ती म्हणाली. "म्हणजे मला तुझ्याशी भांडताही आलं नसतं."

मी माफी मागितली.

"ती नाही मिळायची. दुकान कर माझ्या नावावर. आणि तू मरायची वाट कोण बघतंय? सोमवारपासून येते. औषधाच्या कपाटाची किल्ली आण इकडे."

किल्ली दिली. सबब औषधांचे कपाट या मृत्युपत्रातून वगळले आहे. ते आता माझे नाही.

चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचून सही करतो.

(सही)

साक्षीदार:
१. शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)
२. माझे फॅमिली डॉक्टर (सही)

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी