कोरा हात

३ मार्च

आज सात शिंका! कारखान्यात फिल्टरपाशी उभी असताना, एकामागोमाग एक. शेजारची मावशी – आमच्या ओल्या खोलीत सगळ्यांत जुनी – मास्कवरून नुसती बघत राहिली. म्हटलं, सर्दी झालीय. म्हणाली, "हो ना, हवाच तशी आहे." बाहेर लख्ख ऊन!

४ मार्च

सर्दी नाही. सुट्टीच्या दिवशी मी ठणठणीत असते. खोलीत पाऊल टाकलं की छाती आवळते. मला भीती वाटतेय. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते.

५ मार्च

जुन्या गाड्यांच्या सायलेन्सरमधून निघालेली जाळी दळायची, ॲसिडमध्ये विरघळवायची, की शेवटी प्लॅटिनमचं पिवळं मीठ तळाशी बसतं. आमच्या ओल्या खोलीत ते ओलं असतानाच गाळतो. दिसायला हळदीसारखं गरीब. पण एखाद्याला ते 'लागतं', आधी शिंका, मग दमा, आणि एकदा लागलं की जन्मभर! दर सहा महिन्यांनी दवाखान्यात हातावर त्याचा थेंब टोचतात. तिथं गांधी उठली की आम्ही म्हणतो – हात फुलला. हात फुललेला माणूस त्याच दिवशी गेटबाहेर. मग असल्या कुठल्याच कारखान्यात त्याला घेत नाहीत.

सुकवणीतल्या दादाचा मागच्या महिन्यात फुलला. सुकवणी म्हणजे कोरडं मीठ, हवेत उडणारं. दादा हसत होता, "घ्या, माझ्या हातावर बाग आली!" गेटपाशी पोचेपर्यंत धाप लागून खाली बसला. निळे ओठ. ते ओठ डोळ्यांसमोरून जात नाहीत.

७ मार्च

साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. प्लॅटिनमच्या खाणीत खालच्या पातळीत भरलेलं पाणी अजून हटत नाही, तिकडून माल येणार नाही. गाड्यांच्या कंपन्या तर थांबायला तयार नाहीत. आता सगळी भिस्त भंगारावर, म्हणजे आमच्यावर. रजा बंद.

त्याच खाणीत नवरा होता. दोन महिने घरी बसलाय. म्हणतो, "तुमची खाण बरी, कधी बुडत नाही!" मी हसले. घर कारखान्याचं, पगार माझा, दोन मुली शाळेत. माझा हात फुलला तर जायचं कुठं?

९ मार्च

माझी तपासणी बारा तारखेला, मावशीची मागच्याच महिन्यात झाली. तिनं माझ्या मुठीत गोळ्यांची पट्टी कोंबली. "ॲलर्जीच्या आहेत. आजपासून रोज एक. हात कोरा राहतो."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"एकोणीस वर्षं इथं काय हवा खाऊन काढली?"

म्हणजे ती दिवसभर खोकते, तो खोकला ती सांगते तसा तंबाखूचा नाही.

१० मार्च

घेतली. दिवसभर पेंग. तीन शिंका.

१२ मार्च

नर्सबाई नवीन, आणि नियमही नवा. एक नाही, तीन टोचण्या! पहिली साधं पाणी. दुसरी आमचं मीठ. तिसरीला म्हणाल्या, "ही सगळ्यांचीच फुलते. नाही फुलली तर समजायचं, काहीतरी औषध घेऊन आलेत."

आणि मी तर गोळ्या घेतलेल्या! पंधरा मिनिटं हात मांडीवर ठेवून बसले. आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हटलं, फुलू दे, एवढी एक फुलू दे.

तिन्ही कोऱ्या. नर्सबाईंनी हात खिडकीच्या उजेडात धरला. "घरी कोण कोण?" सांगितलं. "नवरा काय करतो?" तेही सांगितलं. रडू येत होतं, आवरलं. त्या पेन उघडून थांबल्या. मग तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'फुलली'. दुसऱ्यात, 'कोरा'.

"हे एकदाच," म्हणाल्या. "साहेबांकडून लवकर दुसरं काम मागून घ्या. मिठापासून लांबचं."

मी त्यांचे पायच धरणार होते.

१३ मार्च

नवऱ्याला सांगितलं, पास झाले. त्यानं धाकटीला उचलून गरकन फिरवलं. साहेबांशी परवा बोलेन. भंगार उतरवून घेण्याचं काम मिळालं तर बरं. उन्हात उभं राहावं लागतं, राहीन.

१५ मार्च

मी तोंड उघडायच्या आत साहेबच उठून उभे राहिले. "अभिनंदन! मिठाच्या टोचणीपाशी बाकीच्यांचे हात थोडेफार तरी लाल आहेत, तुमचा अगदी स्वच्छ. दादाच्या जागी असाच माणूस हवा होता. सोमवारपासून सुकवणी."

मी हो म्हणाले.